तिसरी खेप

ओमने नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे केली आणि श्वास रोखून दोन रांगांच्या मधून चालायला लागला. पाचवीचा सगळा वर्ग, म्हणजे एकूण चौदा डोकी, माना वळवून त्याच्या हाताकडे बघत होता. फळ्याजवळ पोचल्यावर नारळ डुगडुगला, शेंडी वर करून क्षणभर उभा राहिल्यासारखा झाला आणि धप्पकन खाली पडला.

“बाई, फळ्याखाली पानी हाय!” ओम ओरडला.

वर्ग हसून लोटपोट झाला. शुभांगीने नारळ उचलला. तो शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांच्या, रामहरी गुरुजींच्या कपाटातला, येणाऱ्या पाहुण्यांच्या सत्कारासाठी राखून ठेवलेला होता, म्हणून आधी त्याला तडा गेलाय का ते तिनं बघितलं. नव्हता गेला.

“तुझ्या हातानं उभा राहिला की पाण्यानं?” तिनं विचारलं.

“पान्यानं.”

“कशावरून?”

ओम रिकाम्या तळहाताकडे बघायला लागला. आणि मग शुभांगी दिवाळीपासून जिची वाट बघत होती ती गोष्ट घडली. उत्तरासाठी एकाही पोरानं तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

दिवाळीनंतर नगरला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. मुलांना उत्तरं देऊ नका, प्रश्न पडू द्या, पडलेला प्रश्न तपासायची युक्तीही त्यांनाच काढू द्या, असं तिथं सांगितलं गेलं आणि शुभांगी भारावून परतली. पारनेर तालुक्यातल्या खडकमाळच्या दोन शिक्षकी शाळेत तिनं ओल्या कापसात मूग ठेवले, कोरड्या कापसात मूग ठेवले, मुलांना रोज बघायला लावलं. मुलांनी निमूटपणे बघितलं. आठव्या दिवशी सगळ्यांनी वह्या उघडल्या, पेनांची टोपणं काढली आणि विचारलं, “बाई, उत्तर काय लिहायचं?” गंजलेल्या खिळ्यांच्या वेळीही तेच. पोरं गुणी होती, हीच पंचाईत होती. बाईंना जे हवं असेल ते लिहायला ती कधीही तयार असायची.

आजचा धडा जमिनीतल्या पाण्याचा होता. पाणी खाली कुठं आहे ते कसं कळतं, असं तिनं सहज विचारलं तर जवळजवळ सगळ्या तोंडांतून एकच उत्तर आलं, “रखमाजीतात्या सांगत्यात!” आणि सगळ्या माना खिडकीजवळच्या निकिताकडे वळल्या. रखमाजीतात्या तिचे आजोबा, पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ घेऊन ते रानातून चालायचे. नारळ जिथं उभा राहील तिथं लोक विहीर नाहीतर बोर घ्यायचे. शाळेचा हातपंपसुद्धा त्यांनीच दाखवलेल्या जागी होता. निकिता मान ताठ करून बसली. आजोबांचं नाव निघालं की ती नेहमी अशीच बसायची. त्यावरूनच ओमनं तात्यांची नक्कल करून दाखवायला नारळ मागून घेतला होता.

“नारळ पाण्यामुळंच उभा राहतो का, हे आपण तपासायचं ठरवलं तर कसं तपासाल?” शुभांगी म्हणाली. “मी काही सांगणार नाही. मला माहीत नाही.”

शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. तिच्या माहेरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि नारळ घरात यायचा तो चटणीसाठी. वडील महेंद्र नगरच्या कारखान्यात फिटर. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, हे त्यांनी दोन्ही लेकींना जेवताना-खाताना ऐकवलेलं. त्या संध्याकाळी तिनं पाठाचं टाचण काढायला वही उघडली. ‘अपेक्षित निष्कर्ष’ या रकान्यात तिचा हात आपोआप चालला, ‘नारळ पाण्यामुळे उभा राहत नाही.’ लिहून झाल्यावर ती त्या ओळीकडे बघत बसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरांना सांगायचं शोधा, आणि उत्तर आधीच डब्यात भरून ठेवायचं! तिनं ती ओळ इतक्या जोरात खोडली की कागद विरला. रिकामा रकाना घेऊन वर्गात जायचं, या विचारानंच तिला इतका आनंद झाला की रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिचडी खाऊन झाली की पाचवीचा वर्ग व्हरांड्यात जमायला लागला. शुभांगीने भिंतीला एक मोठा कागद लावला. पोरं बोलतील ते आणि तसंच लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. ओम म्हणाला, दोन मडकी पुरायची, एक पाण्याचं, एक रिकामं. तात्यांना ओळखायला लावायचं.

“तात्या म्हनतो, पुरलेल्या पान्याला नारळ हलतच न्हाई,” निकिता म्हणाली. “झरा पायजे. वाहता.”

मग भारती नावाच्या मुलीनं सुचवलं की तात्यांना गावातल्या विहिरींजवळून चालवू. पण गावातल्या सगळ्या विहिरी तात्यांना पाठ होत्या. तिसरा म्हणाला, नारळ उभा राहील तिथं बोरच घेऊन बघू.

“बोरची गाडी कोन आननार? तुजा मामा?”

इथं गाडी अडली ती दोन दिवस. शुभांगीची जीभ वळवळत होती. ती व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राही, परत येई. पोरं मात्र पेटली होती. हातपंपापाशी वाद, खिचडीच्या रांगेत वाद. नारळ मिळेना म्हणून एक जण तळहातावर बटाटा घेऊन मैदानभर हिंडला. उत्तर काय लिहायचं, हे एकानंही विचारलं नाही. शुभांगी स्कूटीवरून घरी जाताना मोठमोठ्यानं गाणी म्हणायला लागली.

रामहरी गुरुजींना हे सगळं दिसत होतं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ते त्यांना शांततेत काढायचं होतं.

“मॅडम, मूग चांगले होते की,” ते म्हणाले. “रखमाजीला गाव मानतं. उद्या त्याचा नारळ नाही उभा राहिला तर गाव त्याला काही म्हणणार नाही, आपल्याला म्हणेल. आणि ती पोरगी आहे तुमच्या वर्गात. तिचं काय?”

“तेच मला कळत नाहीये, गुरुजी,” शुभांगी म्हणाली. ते खरंच होतं. एवढ्या आनंदात तेवढाच एक खडा दाताखाली येत होता.

तिसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी निकिता व्हरांड्यात उभी होती. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे झाले होते.

“बाई, बोर घ्यायला नको. एकाच वाटेनं तात्याला दोनदा चालवायचं. एकदा उघड्या डोळ्यांनी, एकदा डोळं बांधून. नारळ पान्यानं उभा ऱ्हात आसंल तर दोन्ही खेपंला तिथंच ऱ्हाईल. पानी काय जागा बदलत न्हाई.”

शुभांगीनं प्रशिक्षणात पाच दिवस ऐकलेलं सगळं या दहा वर्षांच्या पोरीनं चार-पाच वाक्यांत उरकलं होतं. तिला पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण निकिता अजून जागची हलली नव्हती. ती फ्रॉकच्या पट्ट्याची गाठ सोडत-बांधत होती.

“बाई, पन तात्या चुकला तर?”

“तर आपण हे करायलाच नको,” शुभांगी लगेच म्हणाली. “आत्ता इथंच थांबू. दुसरा काहीतरी प्रश्न घेऊ.”

निकितानं मान हलवली, पण ती हो म्हणण्यासाठी की नाही म्हणण्यासाठी, ते कळलं नाही. मग ती म्हणाली, “तात्यालाच इचारते. तुमी संगं या.”

रखमाजीतात्या ओट्यावर बसून विळ्याची मूठ बसवत होते. निकितानं सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. आतून त्यांची बायको मुक्ताबाई बाहेर आली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“म्हातारपनी शोभा करून घ्यायची का? बाई, तुमाला तरी कळाय पायजे.”

तात्यांनी विळा बाजूला ठेवला.

“डोळं कोन बांधनार?” त्यांनी विचारलं.

“आमीच,” निकिता म्हणाली.

“घट्ट बांधाल?”

“व्हय.”

“मंग येतो. कवा यायचं?”

शनिवारी सकाळची शाळा. शाळेमागच्या गायरानात विहीर नव्हती, बोर नव्हता, म्हणून पोरांनी तीच जागा निवडली होती. दोन बाभळींच्या मध्ये त्यांनी सुंभाची दोरी ताणून बांधली, डाव्या हातानं ती धरून चालता येईल अशी. दोरीखाली ओमनं कबड्डीच्या मैदानाची चुन्याची फक्की टाकून पावलापावलाला रेघ मारली. एकूण पन्नास रेघा. नारळ जिथं उभा राहील त्या रेघेचा आकडा निकितानं वहीत लिहायचा, जमिनीवर खूण ठेवायची नाही. दुसऱ्या खेपेला तात्यांना उलट्या टोकापासून सोडायचं, म्हणजे पावलं मोजता येणार नाहीत. हे शेवटचं भारतीनं सुचवलं होतं आणि सुचवल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शुभांगीला वाटलं होतं, चौदा पोरं आणि तात्या. बघते तर निम्मं गाव लोटलेलं. ज्वारीची काढणी सोडून लोक आले होते. मच्छिंद्र डेअरीवरून तसाच दुधाची किटली घेऊन आला होता. आठ-दहा मोबाईल वर झाले होते. पोरीच्या आजोबांची फजिती आता घरोघर फिरणार! ती पुढं होणार तेवढ्यात रामहरी गुरुजी दोन्ही हात वर करून गर्दीसमोर उभे राहिले.

“ही परीक्षा आहे,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “परीक्षेत मोबाईल चालत नाहीत. खिशात घाला. मच्छिंद्र, तुला वेगळं सांगू?”

मोबाईल खिशात गेले. शुभांगीनं गुरुजींकडे बघितलं, तर ते उगीचच बाभळीकडे बघत होते.

तात्यांनी धुवट धोतर नेसलं होतं. त्यांनी नारळ तळहातावर घेतला आणि पहिली खेप सुरू झाली. ते सावकाश चालत होते, मधेच थबकत होते. एकाएकी नारळ हातावर असा उठला की लहान पोरं किंचाळली. निकितानं आकडा लिहिला. तीन ठिकाणी नारळ उभा राहिला. गर्दीत समाधानाची कुजबुज झाली.

मग ओमनं मुक्ताबाईच्या जुन्या लुगड्याची पट्टी तात्यांच्या डोळ्यांवर बांधली. तात्या म्हणाले, “आजून घट्ट.” ओमनं आणखी ओढली. पोरांनी त्यांना दोनदा गोल फिरवलं, दुसऱ्या टोकाला नेलं आणि दोरी हातात दिली.

दुसऱ्या खेपेलाही नारळ उभा राहिला. तीनदाच राहिला. पण पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाच पोरांचे चेहरे उतरले, कारण रेघा सगळ्यांना दिसत होत्या. दुसऱ्यांदा तो उघड्या खडकावर उभा राहिला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. शुभांगीची नजर निकितावरून हलेना. पोरगी ओठ घट्ट मिटून लिहीत होती. थांबवावं, आत्ताच थांबवावं, असं शुभांगीला वाटत होतं आणि पाय मात्र उचलत नव्हते.

तात्यांनी डोळ्यांवरची पट्टी काढली. “काय झालं? वाच.”

निकितानं वाचलं. आवाज बारीक होता, पण तिनं एकही आकडा गिळला नाही. “पयल्या खेपंला बारा, एकतीस, चव्वेचाळीस. दुसऱ्या खेपंला सात, एकोनीस, अडतीस.”

“म्हंजी एक बी जुळंना.”

“न्हाई, तात्या.”

तात्या हातातल्या नारळाकडे बघत राहिले, जणू तो पहिल्यांदाच बघत होते. शुभांगीच्या मनात आलं, आपण या माणसाकडून काय काढून घेतलं? कशासाठी? प्रशिक्षणातल्या कुठल्या पानावर याचं उत्तर होतं?

“आजून एक खेप करू,” तात्या म्हणाले. “डोळं उघडं. पन नारळ तुमच्यापाशी ठेवा.”

आणि त्यांनी नारळ ओमच्या हातात दिला.

पोरं चमकली. हे त्यांच्या कागदावर नव्हतं. तात्या हात मागं बांधून चालायला लागले. या वेळी ते दोरीला शिवले नाहीत. ते गवताकडे बघत होते, दगडांच्या रंगाकडे बघत होते, एका वारुळापाशी वाकून त्यांनी मातीची चिमूट घेतली. मग एका जागी पाय रोवून म्हणाले, “हितं.” पोरांनी रेघ मोजली. बारा. पुढं तिसाव्या रेघेवर, म्हणजे एकाच रेघेचा फरक, मग चव्वेचाळिसाव्या.

“जुळलं!” ओम नारळासकट उडाला. “बाई, जुळलं! पानी तात्यांच्या डोळ्यांत हाय!”

टाळ्या पडल्या. मच्छिंद्रनं किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. शुभांगीला भरून आलं. केवढं सुंदर उत्तर होतं हे! नारळ नव्हे, चाळीस वर्षं रान बघितलेले डोळे. तात्यांचा मान राहिला होता, विज्ञानही राहिलं होतं आणि हे ना तिनं सांगितलं होतं, ना कुठल्या पुस्तकानं. आता दोन वाक्यांत सगळं नीट बांधून द्यावं म्हणून ती पुढं झाली.

“हे धरता येनार न्हाई.”

बोलणारी निकिता होती. टाळ्या विरळ झाल्या.

“तात्या, पयल्या खेपंला तुमी कुठं थांबला, ते तुमाला आठवत आसंल,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “डोळ्यांनी वळीकलं का आठवनीनं, ते कसं कळायचं? तुमी कवा गेला न्हाई आशा रानात करावं लागंल.”

“ए पोरी,” मुक्ताबाई गर्दीतून म्हणाली, “जुळलं ना आता? गप की.”

शुभांगी जिथल्या तिथं थांबली. आपण त्या उत्तराच्या इतक्या प्रेमात पडलो होतो की हे आपल्याला दिसलंच नाही. तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, कारण आता सगळं तात्यांच्या हातात होतं. म्हाताऱ्या माणसाला नातीनं चारचौघांत दोनदा अडवलं होतं.

तात्यांनी नातीकडे बघितलं. मग ते तिथंच, चुन्याच्या रेघांवर, मांडी घालून बसले आणि त्यांनी तिला जवळ बसायची खूण केली. बाकीची पोरंही आपोआप भोवती बसली.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “दुसऱ्या रानात करू. पन त्याच्या आधी एक सांग. माज्या लागलेल्या हिरी गावाला तोंडपाठ हायत. कोरड्या गेलेल्या कुनी धरीतच न्हाई. त्या बी धराय पायजेत का न्हाई?”

निकितानं एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा आजीकडे.

“बाईकडं नको बघू,” तात्या म्हणाले, जरी ती बाईंकडे बघत नव्हती. “तुज्या मनानं सांग.”

“धराय पायजेत,” ती हळूच म्हणाली.

“मंग लिही. पयली, मच्छिंद्राच्या चिंचंखालची. साठ फूट, नुसता खडक.”

मच्छिंद्रनं मान खाली घातली. जणू चूक त्याची होती.

“दुसरी, वरल्या वस्तीवर बायडाबाईच्या वाफ्यातली. तिसरी, गोरक्षनाथाच्या बांधाची. चौथी, शाळंच्याच पल्याडली, ती गुरुजींला ठावं हाय.”

रामहरी गुरुजींनी मान डोलावली. मग तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोटांची पेरं मोजत ते एकामागून एक नावं सांगत गेले. न थांबता, कधीपासून पाठ करून ठेवल्यासारखी. गावातलं कुणी जागचं हललं नाही. शुभांगी पोरांच्या मागं जमिनीवर बसली. तिच्या हातात खडू होता, पण लिहायचं काम तिचं नव्हतं.

“थांबा, तात्या,” निकिता म्हणाली. “पान उलटू द्या.”